काम कोणाचे आणि नाव कोणाचे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हमरापूर मुक्कामी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणिसांनी "मुलांना चार शब्द सांगा" अशी आज्ञा आम्हास केली आणि विषय आमच्यावरच सोपविला. निवृत्त शिक्षकाला असे मोकळे रान दिले म्हणजे तो बहुधा शिस्त, वाचन आणि मोबाईलचे दुष्परिणाम अशा त्रिस्थळी यात्रेस निघतो आणि श्रोते चहाची वाट पाहू लागतात. ती यात्रा आज आम्ही टाळणार आहोत. आजचा विषय आमच्या मनचा नाही. तो आपल्याच घरांतून गेली काही वर्षे वारंवार आमच्या कानी आलेला आहे. संगणकाच्या कंपनीत काम आपली मुले करतात आणि चारचौघांत नाव मात्र त्यांच्या वरच्या मॅनेजरचे होते, ही ती तक्रार होय.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. संगणकाची विद्या आम्हास येत नाही. जे सांगणार आहोत ते काही आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हास शिकविले, काही वाचून मिळविले. शिष्याकडून शिकण्यात कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. शिष्य मात्र अलीकडे थोडे घाईने शिकवितात, एवढीच तक्रार आहे.

एक उदाहरण सांगतो. मुलीचे नाव आणि कंपनीचे नाव सांगणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी दोघा-चौघांच्या ते ध्यानात येईल, त्यांनीही ते मनातच ठेवावे. ही मुलगी याच पंचक्रोशीतली. चौथीपर्यंत आमच्या हाताखाली शिकली, पुढे पेणला गेली आणि अभियांत्रिकीची पदवी घेऊन नवी मुंबईतील एका कंपनीत लागली. एका वित्तसंस्थेच्या कर्जखात्यांवरील व्याज महिनाअखेर चुकत असे. चूक काही पैशांचीच, पण खाती लक्षावधी. ही मुलगी आणि तिचे दोन सोबती अकरा आठवडे त्या गुंत्यात बसले. जुना हिशेब कोणी लिहिला होता हे सांगणारेही कोणी उरले नव्हते. अखेर त्यांनी तो सारा भाग नव्याने लिहिला आणि व्याज जुळले. पुढे कंपनीत मोठा समारंभ झाला. मॅनेजरसाहेबांना शाल, श्रीफळाऐवजी काचेचे मानचिन्ह, आणि कंपनीच्या मासिकात छायाचित्र मिळाले. भाषणाच्या शेवटी साहेबांनी "माझ्या टीमचेही आभार" असे म्हटले. टीम म्हणजे कोण, हे कोणी विचारले नाही.

इथपर्यंत गोष्ट नेहमीचीच आहे. तीन महिन्यांनी एका रात्री दीडच्या सुमारास त्याच हिशेबात एक अडचण निघाली. तेव्हा मात्र दहा मिनिटांच्या आत त्या मुलीचा दूरध्वनी वाजला. गौरवाच्या दिवशी जे नाव सापडले नाही ते अडचणीच्या रात्री दहा मिनिटांत सापडले! मुलीने ती अडचणही पहाटेपर्यंत दूर केली. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या मनातून ते काम उतरले. आता ती नोकरी सोडावयाचे म्हणते, आणि तिची आई आमच्याकडे येऊन "मास्तर, तुम्हीच तिला समजावा" असे म्हणते. काय समजवावे, याचा विचार करता करता हे व्याख्यान तयार झाले आहे.

वडील मंडळींपैकी पुष्कळांना सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय, हे विचारावयाचा संकोच वाटतो. तो नसावा, कारण हमरापूरच्या माणसाला ते जितके लवकर कळेल तितके मुंबईच्या माणसाला कळणार नाही. संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. त्याने काय करावे ते ओळीमागून ओळ लिहून द्यावे लागते. अशा हजारो ओळींचा जो संग्रह, तेच सॉफ्टवेअर. आता आपल्या गणपतीच्या कारखान्याकडे पाहा. एक जाणता मूर्तिकार मूळ मूर्ती घडवितो. सोंडेचे वळण, पोटाची गोलाई, बैठक, आयुधे, सारे त्याच्या बोटांतून उतरते. त्या मूळ मूर्तीवरून रबरी साचा निघतो आणि साच्यातून शेकडो, हजारो मूर्ती निघतात. मूर्तिकाराने मूळ मूर्ती एकदाच केली. ती हजार घरांत बसली. सॉफ्टवेअर हाही असाच एक साचा आहे. तीन मुलांनी अकरा आठवडे बसून तो एकदा केला आणि लक्षावधी खात्यांचे व्याज त्यातून रोज निघते. साचा निघाल्यावर मूळ हात कोणाचा होता हे विसरणे फार सोपे असते.

आणि येथेच, मंडळी, आम्हास थोडे कटू बोलावे लागणार आहे.

हमरापूर, जोहे, कळवे या आपल्या गावांतून कच्च्या मूर्ती किती ठिकाणी जातात हे आपणांस ठाऊक आहे. ट्रक भरून त्या मुंबई-पुण्यास जातात, परप्रांतांत जातात, जहाजाने परदेशीही जातात. तेथे त्यांस काय म्हणतात? "पेणचे गणपती" म्हणतात. पेणच्या रंगकामाची आणि तेथील जुन्या कलावंतांची कीर्ती खरीच आहे, आम्ही ती कमी लेखत नाही. परंतु मूर्ती ज्या गावच्या शेडमध्ये जन्मली त्या गावाचे नाव गिऱ्हाईकास माहीत नसते, आणि आपण याबद्दल वर्षानुवर्षे कुरकुरत आलो आहोत. ठीक आहे. मग आणखी एक पायरी खाली उतरू. आपल्या कारखान्यावरच्या पाटीवर कोणाचे नाव असते? कारखानदाराचे. मूळ मूर्ती ज्याने घडविली त्याचे नाव कोठे आहे? साचा भरणारे, सांधे घासून मूर्ती साफ करणाऱ्या बायका, आणि अखेरीस ज्याच्या हाताने डोळे उघडतात तो आखणी करणारा, यांची नावे गिऱ्हाईकास सोडा, आपल्या स्वतःच्या मुलांना तरी सांगता येतील काय? नवी मुंबईतल्या मॅनेजरवर आपण रागावतो, आणि ते रास्तच आहे. पण रागावणारे आपण हंगामात स्वतः मॅनेजरच असतो. (शाडूची मूर्ती की प्लास्टरची, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तो आजचा विषय नाही, त्यावर आम्हास कोणी ओढू नये.)

याचा अर्थ कारखानदार काही करीत नाही असा मुळीच नव्हे. गुजरातेतून शाडू आणणे, कर्ज काढणे, पावसात माल सुका ठेवणे, व्यापाऱ्याकडून वसुली करणे, आणि हंगाम बुडाला तर सावकार किंवा बँक दारी येते तेव्हा एकट्याने उभे राहणे, हे काम कोणी हलके समजू नये. कंपनीतील मॅनेजरचेही तेच आहे. गिऱ्हाईकास नेमके काय हवे ते काढून घेणे, कामाची वाटणी करणे, मुदत सांभाळणे, वरच्यांचे बोलणे स्वतः ऐकून खालच्यांना कामापुरते मोकळे ठेवणे, ही सारी खरी कामे आहेत. आमच्या माहितीत असेही मॅनेजर आहेत की, जे सभेत मुलाला स्वतः उभे करतात आणि "हे याने केले, यालाच विचारा" असे सांगतात. त्यांच्या हाताखालून मुले सहसा सोडून जात नाहीत. आमचा आक्षेप मॅनेजरला मान मिळण्यास नाही. एका कामाचा मान दुसऱ्या कामाच्या नावे जमा होतो, त्यास आहे. सिनेमाच्या अखेरीस दिवे धरणाऱ्यापासून कपडे शिवणाऱ्यापर्यंत साऱ्यांची नावे येतात. त्यामुळे दिग्दर्शकाचे नाव लहान झाल्याचे आम्ही तरी ऐकिले नाही.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्माला आलेले नाही. बोरघाटातून जुन्या रस्त्याने जाताना शिंगरोबाचे देऊळ लागते. लोक असे सांगतात की, घाटातून वाट कोठून काढावी हे साहेबाला दाखविणारा हा धनगर. रेल्वेच्या इतिहासात इंजिनियरांची नावे आहेत, धनगराचे नाव दंतकथेत राहिले. दंतकथेचा खरेखोटेपणा आम्ही ठरवू शकत नाही. परंतु लोकांनी देऊळ बांधून नाव जपले, यावरून लोकांच्या मनाला काय खुपले होते ते कळते.

दंतकथा बाजूला ठेवून आपल्याच काळातले उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती एक-दीड एकर. १९८३ साली आपल्या शेतातील भातात त्यांना दोन-तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचा, उत्तम शिजणारा तांदूळ सिद्ध केला. त्या काळी एचएमटी घड्याळाची चलती होती म्हणून तांदळाचे नाव एचएमटी पडले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो शिजला असेल. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये "पीकेव्ही एचएमटी" या नावाने वाण बाहेर आले. आपण वाण शुद्ध केले असे विद्यापीठाचे म्हणणे. आपले नाव पुसले गेले असे दादाजींचे म्हणणे. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानतर्फे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, पुढे परदेशी नियतकालिकानेही दखल घेतली. तरी २०१८ च्या जूनमध्ये ते वारले ते हालअपेष्टांतच. शुद्धीकरण हे काम आहेच, त्याचेही नाव असावे. परंतु भाताच्या रानात उभे राहून, हजार लोंब्यांत तीन निराळ्या आहेत हे ज्या डोळ्यांनी ओळखले, त्या डोळ्यांचे नाव पहिल्या ओळीत का नसावे, याचे उत्तर आम्हास कोणी दिलेले नाही.

आता संगणकाच्या मूळ पीठाकडे येऊ. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १९४६ च्या फेब्रुवारीत एनिॲक नावाचे प्रचंड यंत्र जगाला दाखविण्यात आले. एक मोठी खोली भरून टाकणारे ते यंत्र तोफगोळ्याचा मार्ग गोळा जमिनीवर पडण्याच्या आत गणित करून सांगे. यंत्र बांधणाऱ्या मॉकली आणि एकर्ट यांची नावे इतिहासात गेली, ती योग्यच गेली. परंतु त्या यंत्राला ते गणित घालून देण्याचे काम सहा तरुण स्त्रियांनी केले होते. शिकविणारे पुस्तक नव्हते. यंत्राचे नकाशे पाहून, तारा आणि कळा यांची जुळणी शोधून त्यांनी ती विद्या स्वतःच निर्माण केली. समारंभात जे गणित लोकांस दाखवून टाळ्या घेतल्या, ते बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज या दोघींनी सिद्ध केले होते. समारंभानंतर मोठी मेजवानी झाली, आणि या स्त्रियांना तिचे आमंत्रणच नव्हते. पुढे अनेक वर्षांनी यंत्राच्या जुन्या छायाचित्रांत त्या दिसल्या, तेव्हा जाणत्यांनीही असे सांगितले की, यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या मुली असाव्यात. एका विद्यार्थिनीला ही गोष्ट पटली नाही, तिने शोध घेतला, म्हणून १९९७ साली, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनी, त्यांचा जाहीर सन्मान झाला. आमच्या भगिनींनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे. कारखान्यात मूर्ती साफ करणारे हात बहुतांशी त्यांचेच आहेत.

या दुखण्यावर तरुण मंडळींनी केलेले उपायही पाहण्यासारखे आहेत. अटारी नावाची एक अमेरिकन कंपनी दूरचित्रवाणीवर खेळावयाचे खेळ विकीत असे. तेथे एकेक खेळ बहुधा एकेकटा माणूस लिही; पण खेळाच्या डब्यावर त्याचे नाव छापावयाचे नाही असा कंपनीचा दंडक. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने आपल्या खेळात एक गुप्त खोली ठेवली. तिच्यात शिरण्याची युक्ती सापडली तर पडद्यावर त्याचे नाव उमटे. कंपनीला पत्ता लागला तो खेळ विकला जाऊ लागल्यावर, आणि तोवर हा गृहस्थ नोकरी सोडून गेलाही होता. त्याच कंपनीतील दुसऱ्या चौघांनी चोरून नाव घालण्याऐवजी सरळ वाट धरली. आमच्या कामाला नाव आणि वाटा द्या असे त्यांनी मागितले; समाधानकारक उत्तर मिळाले नाही तेव्हा ते बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. तेथे खेळ लिहिणाऱ्याचे नाव डब्यावर छापीत. ती कंपनी पुढे फार मोठी झाली. नाव न दिल्याने अटारीचा काय तोटा झाला, याचा हिशेब आपणच करावा.

याहून आम्हास आवडली ती गोष्ट मॅकिंटॉश संगणकाची, कारण ती साच्याची आहे. आपल्या काळात नाव एकवटून घेण्यात स्टीव्ह जॉब्ज या गृहस्थाची बरोबरी क्वचितच कोणी केली असेल. जग आजही ॲपल म्हटले की त्यांचेच नाव घेते. परंतु याच जॉब्जनी १९८२ साली मॅकिंटॉशवर काम करणाऱ्या मंडळींना एकत्र बोलावून, कलावंत आपल्या कृतीवर सही करतो तद्वत एका कागदावर सर्वांच्या सह्या घेतल्या आणि त्या पेटीच्या साच्यातच आतील बाजूने कोरविल्या. १९८४ मध्ये यंत्र बाजारात आले तेव्हा त्या पेट्यांच्या पोटात त्या सह्या होत्या. गिऱ्हाईकाला दिसत नसत, पण होत्या. रबरी साच्याच्या आतल्या अंगाला, बैठकीच्या तळाशी, मूळ मूर्तिकाराची अक्षरे उमटविण्यास किती खर्च येईल? आम्ही दोघा साचेवाल्यांना विचारले. दोघेही हसले, म्हणजे खर्च फारसा नसावा.

आता मूळ प्रश्नाकडे. श्रेय म्हणजे केवळ कौतुकाचा पेढा असता तर आम्ही एवढा वेळ घेतला नसता. पेढा न मिळाल्याने कोणी मरत नाही. परंतु नोकरीत श्रेय हे एक प्रकारचे चलन आहे. वर्षअखेर कोणाला बढती, कोणाला परदेशी पाठवावयाचे, आणि मंदी आली म्हणजे कोणाला घरी पाठवावयाचे, हे जे ठरते ते कोणाच्या नावावर काय काम जमा आहे यावरून. ती नोंद बहुधा मॅनेजरच्या हातची असते. म्हणून नाव गेले की पुढचे काम जाते, पुढचा पगार जातो. आणि अलीकडे तर यंत्रच माणसाच्या सांगण्यावरून संगणकाच्या आज्ञा लिहू लागले आहे. उद्या कोणी सहज म्हणेल की, हे सारे यंत्राने केले, मुलांनी काय केले? ज्याच्या कामाची नोंद नाही त्याला या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाईल.

गंमत अशी की नोंद असते. हे आमच्या विद्यार्थ्याने दाखविले तेव्हा आम्ही थक्क झालो. या कंपन्यांत लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा एक हजेरीपट असतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स या अभियंत्याने तयार केलेली "गिट" नावाची व्यवस्था आज जगभर वापरात आहे. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली हे तीत टिपलेले असते. ते पाहण्याची जी आज्ञा आहे तिचे नाव "ब्लेम", म्हणजे दोष देणे! रात्री दीड वाजता आमच्या विद्यार्थिनीचे नाव दहा मिनिटांत कसे सापडले, त्याचा उलगडा येथे होतो. त्याच पटावर गौरवाच्या दिवशीही तिचे नाव होते. तो दिवसा उघडावा असे कोणास वाटले नाही, इतकेच. सबव्हर्जन नावाच्या दुसऱ्या एका व्यवस्थेत त्याच आज्ञेला "प्रेझ", म्हणजे प्रशंसा, असेही पर्यायी नाव दिलेले आहे. कोणा विनोदी माणसाने ते ठेविले असावे. आमच्या मते तो फार शहाणा माणूस असला पाहिजे.

आपल्या मुलांचे येथे विशेष नुकसान होते, आणि त्याचे कारण आपल्या घरात आहे. "आपण काम करावे, बोलू नये, काम बोलते" हे आपण त्यांना शिकविले. आम्ही वर्गातही तेच शिकविले. भाताच्या शेतात काम बोलते, हे खरे. लावणी नीट झाली की नाही ते बांधावरून जाणाऱ्यास दिसते. सॉफ्टवेअरचे उलट आहे. ते उत्तम चालले तर दिसतच नाही. बिघडले तरच दिसते. मग ज्याला इंग्रजीत चार वाक्ये सफाईने बोलता येतात आणि सभेत उभे राहून पडद्यावर चित्रे दाखविता येतात, त्याच्या नावे ते काम लागते. त्यात तो नेहमीच लबाडी करतो असेही नाही. तो "आम्ही केले" असे म्हणतो. आता "आम्ही" हा शब्द आम्हीही वापरतो, ती जुन्या मास्तरांची सवय आहे आणि तीत एकच मास्तर असतो. मॅनेजरच्या "आम्ही"मध्ये कितीजण आहेत आणि त्यांची नावे काय, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असला पाहिजे.

त्या विद्यार्थिनीस आम्ही शेवटी काय सांगितले ते सांगतो. नोकरी सोडावयाची की नाही ते तिचे तिने ठरवावे. आम्ही तिच्या आईच्या बाजूने बोललो नाही, याबद्दल माउलीने क्षमा करावी. परंतु तोवर दर शनिवारी अर्धा तास बसून त्या आठवड्यात स्वतः काय केले, कोणाच्या मदतीने केले, कोणती अडचण कशी सुटली, हे साध्या भाषेत लिहून वरिष्ठांना पाठवावे. भांडण म्हणून नव्हे, दप्तर म्हणून. सोबत्यांची नावे आपल्या आधी लिहावीत. सभेत आपल्या भागाबद्दल आपण बोलू अशी विनंती आगाऊ करावी, आणि इंग्रजी अडखळले तरी बोलावे. तिने दोन महिने असे केले आहे. साहेब अजून तेच आहेत. पण मागल्या सभेत हिशेबाचा भाग तिच्या एका सोबत्याने मांडला, असे तिने परवा कळविले. तिचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.

आता मंडळापुढे आमचे म्हणणे. आपल्या गुणगौरवाचा अर्ज आपण पाहिला असेल. त्यात नाव, शिक्षण, कंपनी, हुद्दा आणि प्राप्ती एवढे रकाने आहेत. म्हणजे आपणही हुद्द्यालाच हार घालतो. सोयरिकीच्या याद्यांतही मुलगा "मॅनेजर" असला की त्याचे नाव वर जाते, आणि ज्याच्या लिहिण्यावर ती सारी कंपनी चालते तो "साधा इंजिनियर" म्हणून खाली राहतो. ज्यास बाहेर नाव मिळत नाही त्यास घरीही न मिळावे, हे आम्हास फार लागते. आमची सूचना अशी की, अर्जातून प्राप्तीचा रकाना काढून टाकावा आणि त्याजागी दोन नवे रकाने घालावेत: "स्वतः केलेले काम" आणि "ज्यांच्यासोबत केले त्यांची नावे". सोबती परज्ञातीचे असले तरी त्यांची नावे व्यासपीठावरून वाचावीत. जे मॅनेजर आहेत त्यांनी पहिल्या रकान्यात मॅनेजरचे काम लिहावे, ते भरपूर असते. कारखानदारांचा सत्कार होईल तेव्हा मूळ मूर्ती, साचा, सफाई आणि आखणी कोणाची, हेही त्याच अर्जात यावे.

काही कारखानदार बंधू म्हणतील, कारागिराचे नाव बाहेर पडले की शेजारचा त्याला पळवून नेईल. भीती खोटी नाही. लालबागचा राजा कांबळी घराण्याच्या हातचा, हे साऱ्या मुंबईस ठाऊक आहे. तेथे घडविणारा आणि नाव असणारा एकच घराणे असल्याने ती अडचण नाही, आपल्याकडे आहे. पण नाव झाकून धरलेला कारागीरही दोन पैसे जास्त मिळताच जातो, हे आपण दर हंगामात पाहतो. निदान गेल्यावर आपल्याबद्दल काय बोलतो, यात तरी फरक पडेल.

सुधारलेल्या अर्जाचा नमुना आम्ही लिहून चिटणिसांकडे दिला आहे. कार्यकारिणीस तो पसंत पडल्यास दिवाळीच्या आत छापून घ्यावा. ज्या घरांतील वडील मंडळींना मुलांचे काम काय ते लिहिणे कठीण जाईल, त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. मुलास दूरध्वनीवर घेऊन आम्ही ते साध्या मराठीत लिहून देऊ. आणि आज व्यासपीठावर जी गणेशमूर्ती विराजमान आहे, तिची मूळ मूर्ती, साचा, सफाई आणि आखणी करणाऱ्या चौघांची नावे आम्ही काल विचारून घेतली आहेत. ती चिठ्ठी अध्यक्षमहोदयांच्या समोर ठेवीत आहोत; आभारप्रदर्शनाच्या वेळी त्यांनी ती वाचून दाखवावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.